मेसवाले काका आणि चार ऑप्शन

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

ताई, नाव छापू नका. मी २५ वर्षांचा, गाव अंबाजोगाई तालुक्यात, तीन वर्षं झाले संभाजीनगरला खोली करून राज्यसेवेचा अभ्यास करायलोय. दोन प्रॉब्लेम आहेत. पहिला, पुस्तक वाचताना सगळं येतंय असं वाटतं, एकेक पुस्तक चार-चार वेळा झालंय, हायलायटरनं पानं पिवळी झालीत, पण पेपरात चार ऑप्शन समोर आले की त्यातले दोन हमखास ओळखीचे वाटतात अन् मी चुकीचा गोल काळा करून येतो. यंदाची पूर्व परीक्षा पण थोडक्यात गेली. दुसरा, दिवाळीला गावी जाताना बीडच्या स्टँडवर एक माणूस समोर आला, "काय सर, निघाले का गावाकडं" म्हणला. चेहरा शंभर टक्के ओळखीचा पण कोण, कुठला, काही म्हणता काही आठवंना. मी नुसतं हसलो, हो हो म्हणलो अन् मोबाईल काढून बघत बसलो. त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला. केजच्या पुढं गाडी एका धाब्यावर थांबली, तव्यावरच्या भाकरीचा वास आला अन् एकदम डोक्यात उजेड पडला, ते आमच्या मेसचे काका होते! दोन वर्षं रोज त्यांच्या हातची भाकरी खातोय मी. माझ्या आजोबांना शेवटी शेवटी घरचे लोक पण ओळखू येत नव्हते. मला पण तेच व्हायलंय का? रात्री झोप लागत नाही. लाजेनं मेसला जाणं बंद केलंय, पंधरा दिवस झाले डबा दुसरीकडून लावलाय. काय करू?

लेकरा,

आधी आजोबांचं बोलते, कारण तुझी झोप त्यानंच उडवलीय. तू जे लिहिलंयस त्यात आजोबांच्या दुखण्याची मला एकही खूण दिसत नाही. तुला काकांचा चेहरा ओळखीचा वाटला. नुसता वास आल्याबरोबर ते कोण, कुठले, किती वर्षांचे ओळखीचे, सगळं एका झटक्यात आलं. आणि त्या दिवशी बीडच्या स्टँडवर ते काय बोलले, तू काय केलंस, त्यांचा चेहरा कसा पडला, हे तू पंधरा दिवसांनी मला शब्दाशब्दाला लिहून पाठवलंस. ज्याची स्मृती जायला लागलीय त्याला ही गोष्ट अशी बहुधा सांगताच आली नसती, कारण त्याला ती घडल्याचंच नीट आठवलं नसतं. तेच ते दहादा विचारणं, रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, घरातलं माणूस अनोळखी वाटणं, मधेच काही क्षण भान हरपणं, असलं काही कधी झालं तर मात्र वेळ न घालवता मेंदूच्या डॉक्टरकडं जायचं. आणि झोप नाही, थकवा आहे, मुंग्या येतात असं असेल तर एकदा बी१२ आणि थायरॉईड तपासून घे, खोलीवर राहून कसंबसं खाणाऱ्या पोरांमध्ये बी१२ कमी पडलेलं मी लई वेळा पाहिलंय, आणि ते गोळ्यांनी भरून निघतं. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळं एवढंच सांगते आणि पुढं जाते.

आता खरं बोलायचंय ते हे, की तुझे दोन प्रॉब्लेम नाहीतच, एकच आहे. बीडच्या स्टँडवर जे झालं तेच पेपरात होतंय. दोन्हीकडं तुला ओळख पटली, आठवण आली नाही.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमका शब्द आहे बघ, तोंडओळख. "ते माझे मित्र आहेत" आणि "त्यांची माझी तोंडओळख आहे" यात काय फरक आहे हे गावातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. मेंदूचंही तसंच आहे. आधी पाहिलेली गोष्ट परत समोर आली की ती ओळखण्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक वाट झटपट, "हे पाहिलंय मी", बस, यापुढं काही नाही. दुसरी वाट थोडी सावकाश, पण ती आली की सगळं बिऱ्हाड घेऊन येते, कुठं पाहिलं, कधी, सोबत कोण होतं, मी काय बोललो. पुस्तकी मराठीत ओळखण्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात आणि समोर काही नसताना आठवून काढण्याला प्रत्यावाहन, पण तू तोंडओळख आणि आठवण हेच शब्द धर, काम भागतं.

आणि तुझ्यासोबत जे झालं त्याचं तर या विषयात अगदी ठरलेलं उदाहरण आहे. जॉर्ज मँडलर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८० साली लिहिलेलं. बसमध्ये एक माणूस दिसतो, याला आपण ओळखतो याची पक्की खात्री असते, पण कोण ते काही केल्या सापडत नाही, डोकं खाजवून खाजवून शेवटी कळतं की अरे हा तर आपला नेहमीचा मटणवाला! दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत तो दिसला असता तर एक सेकंदही लागला नसता. त्याचा बसमधला मटणवाला आणि तुझे स्टँडवरचे मेसवाले काका, दोघं एकच. ४५ वर्षं जगभर हे उदाहरण शिकवलं जातंय, यावरूनच समज की हे कुणालाही होतं.

मला तर हे लहानपणीच बघायला मिळालं, तेव्हा त्याला काय म्हणतात ते माहीत नव्हतं एवढंच. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वडलांनी बैल विकला, वैरणच नव्हती, काय करणार. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी माळेगावच्या जत्रेत आम्ही जनावरांच्या बाजारातून चाललो होतो, शेकडो जनावरं, धूळ, गोंधळ, आणि वडील चालता चालता थांबले. नुसते थांबले. माझा हात धरलेला होता, तो घट्ट झाला. मी म्हणाले काय झालं, तर म्हणाले "थांब जरा". मग त्यांनी एका बैलाकडं पाहिलं, जवळ गेले, मागून फिरून आले, खांद्यावर हात फिरवला आणि मग म्हणाले, "आपला हाय. हे बघ, जू लागून वळ पडला होता, मीच हळद भरलती." आधी पाय थांबले, मग कारण सापडलं. मधे चांगला अर्धा मिनिट गेला असेल. पुढं कॉलेजात शिकवताना तोंडओळख जलद असते आणि आठवण मागून येते हे सांगायची वेळ आली की मला दरवेळी तो घट्ट झालेला हात आठवायचा.

मेंदूत हे घडतं कुठं ते पण सांगते, कारण तू शिकणारा माणूस आहेस, नुसतं "काळजी करू नको" म्हणून तुझं समाधान व्हायचं नाही. दोन्ही कानांच्या वरच्या अंगाला, आत खोल, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, डावीकडं एक उजवीकडं एक, आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून तसं नाव. त्याचं काम गाठ मारायचं. चेहरा एकीकडून आला, आवाज दुसरीकडून, जागा, वास, वेळ, तुझी भूक, हे सगळं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतून येतं आणि हिप्पोकॅम्पस त्याची एक मोळी बांधतो. नंतर त्या मोळीतली एक काडी जरी नीट हाताला लागली तरी बऱ्याचदा अख्खी मोळी ओढून काढता येते. धाब्यावरचा भाकरीचा वास ही ती काडी होती. स्टँडवर तुझ्यासमोर नुसता चेहरा होता, तवा नाही, ताट नाही, "अजून अर्धी घ्या" म्हणणारा आवाज नाही, अंगावर नेहमीचा कळकट बनियन सोडून कदाचित दिवाळीचा नवा शर्ट. चेहऱ्याची काडी होती पण ती मोळीपर्यंत पोचली नाही.

हिप्पोकॅम्पसच्या शेजारीच पेरिरायनल कॉर्टेक्स नावाची पट्टी आहे, तोंडओळखीचं खातं बहुतेक तिच्याकडं. ती कशी काम करते हे मला फार आवडतं. तुला वाटेल ओळखीची गोष्ट दिसली की तिथल्या पेशी जोरात पेटत असतील, तर उलटं आहे, माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं की तिथल्या बऱ्याच पेशी नवीन वस्तू दिसली की जोरात बोलतात आणि तीच वस्तू परत दिसली की आवाज कमी करतात. म्हणजे दारात अनोळखी माणूस आला की कुत्रं भुंकतं, घरचं आलं की गप पडून राहतं, तसं. ते गप राहणं हीच ओळख. आणि त्या शांतपणाचंच आपल्याला "हे सोपंय, हे येतंय मला" असं वाटतं. हे वाक्य लक्षात ठेव, तुझ्या चार वेळा वाचलेल्या पुस्तकाकडं मी इथूनच येणार आहे.

हे सगळं कळलं ते आजारी माणसांमुळं. अमेरिकेत हेन्री मोलायसन नावाचा माणूस होता, त्याला फिटचा भयंकर त्रास, म्हणून १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, ऑपरेशन करून दोन्ही बाजूंचा हाच आतला भाग, हिप्पोकॅम्पसचा मोठा हिस्सा धरून, काढून टाकला. फिट कमी झाल्या. पण त्यानंतर नवीन माणूस, नवीन प्रसंग त्याच्या डोक्यात राहीचना. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याच्याकडं जात होत्या आणि प्रत्येक वेळी त्यांना आपली नव्यानं ओळख करून द्यावी लागायची. बुद्धी शाबूत, बोलणं नीट, लहानपणचं आठवतंय, पण काल आलेली बाई आज परकी. २००८ साली तो वारला तोवर जगाला त्याची फक्त एच. एम. ही अक्षरं माहीत होती. नंतर असे पण पेशंट सापडले ज्यांचा फक्त हिप्पोकॅम्पस दुखावला होता, त्यांना प्रसंग आठवायचे नाहीत पण समोरची गोष्ट पाहिलेली आहे की नाही हे बऱ्यापैकी सांगता यायचं, आणि २००७ साली एका बाईंची केस आली ती बरोबर उलटी, ऑपरेशनमध्ये हिप्पोकॅम्पस वाचला, शेजारची पट्टी गेली, तर आठवण चांगली आणि तोंडओळख अधू. या दोन वाटा खरंच वेगळ्या आहेत की एकाच वाटेचा कच्चा आणि पक्का भाग आहे यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत, मला स्वतःला वेगळ्या आहेत हेच पटतं. आणि तुझ्या आजोबांचा आजार अल्झायमर असेल तर तो बहुतेकांत याच भागापासून, हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारपट्टीपासून सुरू होतो, म्हणून आधी नवीन गोष्टी राहत नाहीत आणि मग हळूहळू माणसंही अनोळखी होत जातात. त्यात आजोबांचा काही दोष नव्हता, त्यांचं प्रेम कमी झालं नव्हतं. हे तुझ्या घरात कुणी कुणाला सांगितलं नसेल म्हणून सांगितलं.

आता पेपर.

मी तुला एक प्रश्न घालते. हैदराबाद संस्थानावरची पोलिस ॲक्शन, ऑपरेशन पोलो, कधी सुरू झाली? ऑप्शन घे: १५ ऑगस्ट १९४८, १३ सप्टेंबर १९४८, १७ सप्टेंबर १९४८, १८ सप्टेंबर १९४८. मराठवाड्यातलं लेकरू आहेस, पहिलीपासून दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडावंदनाला उभा राहिलायस, मुक्तिसंग्राम दिन, भाषणं, प्रभातफेरी. तो आकडा दिसला की डोक्यातलं कुत्रं गप, एकदम घरचा माणूस! हात तिकडं जातो. पण सुरू झाली ती १३ला, १७ला निजामानं युद्धबंदी जाहीर केली, आणि १८ला हैदराबादच्या फौजेनं रीतसर शरणागती दिली. तुला हे सगळं माहीत असणार, तू वाचलेलं आहेस, घरी कुणी सावकाश विचारलं तर सांगशीलही. पण पेपरात तू आठवायला गेलाच नाहीस, चारांतला सगळ्यात ओळखीचा कोण ते बघितलंस. पेपर काढणारे नेमके असेच ऑप्शन टाकतात, तीन अनोळखी आणि एक ओळखीचा असा पेपर कुणी काढत नाही.

ही फसगत किती सहज होते त्यावर लॅरी जेकोबी आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९८९ सालचा प्रयोग आहे. लोकांना काही साध्यासुध्या, अजिबात प्रसिद्ध नसलेल्या माणसांची नावं वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी त्याच नावांत खरी प्रसिद्ध नावं आणि काही नवीन नावं मिसळून विचारलं, यातलं प्रसिद्ध कोण? तर काल वाचलेली साधी नावं लोकांना प्रसिद्ध वाटायला लागली. नाव ओळखीचं लागतंय पण कुठं वाचलं ते आठवंना, मग मनानं स्वतःच कारण जोडलं की मोठा माणूस असणार. एका रात्रीत प्रसिद्धी! तुझ्या पेपरात समित्यांची नावं, कलमं, वर्षं यांचं हेच होतं. ओळखीचं आहे एवढं खरं असतं, पण ते या प्रश्नाचं उत्तर म्हणून ओळखीचं आहे की दुसऱ्याच धड्यातून, हे तोंडओळख कधीच सांगत नाही, ते फक्त आठवण सांगते.

आणि आता तुझी पिवळी पानं. रागावू नको, पण चार वेळा वाचून तू मेहनत केलीस ती सगळी तोंडओळख वाढवण्यावर केलीस. तोंडओळख माणसाला फार स्वस्तात मिळते, लायोनेल स्टँडिंग नावाच्या माणसानं १९७३ साली लोकांना १०,००० चित्रं दाखवली, प्रत्येक फक्त काही सेकंद, आणि नंतर दोन-दोन समोर ठेवून यातलं पाहिलेलं कोणतं विचारलं तर शंभरात ८०च्या वर बरोबर! दहा हजार रे! म्हणून तर दुसऱ्यांदा वाचताना पान गुळगुळीत वाटतं, तिसऱ्यांदा लोण्यासारखं, चौथ्यांदा तर पुढचं वाक्य काय येणार ते पण कळतं, आणि तू म्हणतोस हे झालं, पुढं चला. झालेलं काहीच नसतं, फक्त ओळख घट्ट झालेली असते. समोर पान नसताना ते काढता येतं का हे तू एकदाही बघितलेलं नाहीस.

रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली हेच तपासलं. एका गटानं उतारा चार पाळ्यांत परत परत वाचला. दुसऱ्या गटानं एकाच पाळीत वाचला आणि नंतर तीन वेळा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर चार पाळ्या वाचणारे पुढं होते, आणि आपल्याला हे चांगलं लक्षात राहणार अशी खात्रीही त्यांनाच जास्त. आठवड्यानं परत घेतली तर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. हे मी दरवर्षी वर्गात सांगायचे आणि दरवर्षी पोरं माना डोलवून परत हायलायटर काढायची, कारण न बघता लिहिणं जड जातं, त्यात आपल्याला येत नाही हे समोर दिसतं, ते कुणालाच नको असतं. पण तेच जड जाणं कामाचं आहे बाबा, काढताना जी ओढाताण होते त्यानंच मोळीची गाठ आवळली जाते.

तर आता तू काय करायचं. एक धडा वाचलास की पुस्तक बंद, कोरा कागद, आठवेल ते सगळं लिही, वेडंवाकडं चालेल, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेननं भर. दोन दिवसांनी परत, न वाचता आधी लिहायचं. मग आठवड्यानं. चौथ्या वाचनाचा वेळ आता इकडं. तुमची मुख्य परीक्षा पण २०२५पासून वर्णनात्मक झाली, तिथं तर ओळखायला ऑप्शनच नाहीत, कोरं पान आणि तू, त्यामुळं ही सवय तुला तशीही लावावीच लागणार आहे, पूर्व निघाल्यावर लावू म्हणशील तर फार उशीर होईल.

एमसीक्यू सोडवताना चारही ऑप्शन हातानं झाक. खरंच तळहात ठेव. प्रश्न वाच, उत्तर तोंडानं बोल, मग हात काढ. ज्याचं उत्तर हात ठेवून आलं आणि ऑप्शनमध्ये सापडलं ते तुझं. "खालीलपैकी कोणते विधान" वाले प्रश्न असे झाकता येत नाहीत, तिथं प्रत्येक विधानाला "हे मला कुठून माहीत" एवढंच विचारायचं.

आणि एक खूण करायला लाग, ही मला एंडेल टुल्विंगच्या कामावरून सुचली, त्यानं १९८५मध्ये लोकांना विचारायला सुरुवात केली की ही गोष्ट तुम्हाला आठवतेय की नुसतीच माहितीची वाटतेय, आणि लोकांना हा फरक सांगता येतो. तू टेस्ट सिरीज सोडवताना प्रत्येक उत्तरापुढं पेन्सिलनं "आ" किंवा "ओ" लिही. आ म्हणजे आठवलं, कुठल्या पानावर, कुठल्या संदर्भात ते डोळ्यांसमोर आलं. ओ म्हणजे ओळखीचं वाटलं, एवढंच. मग तपासताना दोन्हींचे मार्क वेगळे मोज. चार-पाच टेस्टनंतर तुझा स्वतःचा हिशोब तुझ्या हातात येईल की तुझे ओ किती वेळा फसवतात. सामान्य अध्ययनात बरोबरला दोन मार्क आणि चुकीला अर्धा कट, त्यामुळं दोन ऑप्शन पक्के कटले असतील तर उरलेल्या दोनांत जोखीम घेणं हिशोबानं वाईट नाही, पण हा हिशोब दोन्ही सारखेच शक्य असतील तेव्हाचा. त्यातला एक मुद्दाम ओळखीचा करून ठेवलेला असेल तर तू निम्म्या वेळाही बरोबर येणार नाहीस. म्हणून स्वतःचे ओ मोज म्हणते.

एक अजून, हे फार महत्त्वाचं आहे आणि कोणी सांगत नाही. प्रश्नसंच सोडवून उत्तरं "रविवारी एकदम बघू" असं करत जाऊ नको. चुकीचे ऑप्शन वाचल्यानं ते पण ओळखीचे होतात आणि पुढं तेच खरे वाटायला लागतात, रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५मध्ये हे दाखवलंय. सोडवलं की लगेच तपासायचं, आणि नुसतं "ब बरोबर" असं नाही, बाकीचे तीन कशाचं उत्तर आहेत तेही लिहायचं. १७ सप्टेंबर चूक, एवढं पुरत नाही. १७ सप्टेंबर कशाचा, १८ कशाचा. म्हणजे पुढच्या वेळी ओळखीचा माणूस दिसला की तो कोण ते पण कळेल.

झोपेचं. अभ्यासिका चोवीस तास उघडी असते म्हणून तू चोवीस तास बसायचं असं नाही. दिवसा बांधलेल्या मोळ्या रात्री झोपेत पक्क्या होतात, हिप्पोकॅम्पस दिवसभराचं झोपेत परत चाळतो. दोनपर्यंत जागून पाच पानं जास्त वाचशील आणि दिवसभराची पन्नास कच्ची ठेवशील. काळजीनं झोप येतच नसेल, आणि आता तुझ्या मनातली ती आजोबांवाली भीती गेल्यावरही आठ-दहा दिवसांत सुधारलं नाही, तर १४४१६ला फोन लाव, टेलिमानस म्हणून सरकारी फुकट सेवा आहे, मराठीत बोलतात, नाहीतर घाटीत, म्हणजे तिथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचारच्या ओपीडीत जाऊन ये. तीन वर्षं घरापासून लांब, दरवर्षी थोडक्यात हुकणं, हे ओझं काही कमी नाही आणि त्यासाठी मदत मागण्यात लाज नाही.

राहिले काका.

तू लिहिलंयस दोन वर्षं त्यांच्या हातचं खातोय. पण अख्ख्या पत्रात त्यांचं नाव नाही, गाव नाही. मला वाटतं तुला ते माहीतच नाही. बघ, तू त्यांना दोन वर्षं रोज पाहिलंस पण एकाच जागी, एकाच कपड्यात, ताटाच्या पलीकडं, आणि त्यांच्याबद्दल दुसरं काहीच गोळा केलं नाहीस, म्हणून तुझ्या मोळीत मेस सोडून दुसरी काडीच नव्हती. अमेरिकेत १९७५ साली बाह्रिक मंडळींनी जवळजवळ ४०० लोकांना त्यांच्या शाळासोबत्यांचे फोटो दाखवले, तर शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांनीही शंभरात ९० चेहरे बरोबर ओळखले. सोबत वाढलेला माणूस असा पक्का बसतो, कारण त्याच्या नावागावाच्या, भांडणाच्या, मैदानाच्या, डब्याच्या हजार काड्या असतात. नाव तर एरवीही निसटतंच, त्याला धरायला काही नसतं. एखाद्याचा फोटो दाखवून "हा कुंभार आहे" म्हणजे मडकी करतो असं सांगितलं तर ते राहतं, आणि "यांचं आडनाव कुंभार" असं सांगितलं तर तोच शब्द असूनही निसटतो, १९८७ साली असा प्रयोगही झालाय. मडकी म्हणलं की माती, चाक, भट्टी सगळं सोबत येतं, आडनावासोबत काही येत नाही.

मी ४० वर्षांत किती पोरं शिकवली असतील, बाजारात, लग्नात, दवाखान्यात कुणी ना कुणी पाया पडतं आणि मला नाव येत नाही. मी सरळ म्हणते, "चेहरा पक्का ओळखला बाळा, नाव सांग, गाव सांग, कुठल्या वर्षाचा?" आजवर एकाचाही चेहरा पडला नाही. काकांचा चेहरा पडला तो तू विसरलास म्हणून नसेल, तू मोबाईल काढलास म्हणून पडला असेल. दोन मिनिटं थांबून "काका, चेहरा रोजचाय पण आता या गर्दीत लक्षात येईना बघा" म्हणला असतास तर तेच हसून म्हणाले असते, "अहो सर, मेसवाला!"

तर उद्या संध्याकाळी मेसला जा. गर्दी ओसरल्यावर, साडेनऊ-दहाला, ते स्वतः जेवायला बसतात त्या वेळी. जे झालं ते आहे तसं सांग, धाब्यावरच्या भाकरीच्या वासानं तुम्ही आठवलात हे पण सांग, मेस चालवणाऱ्या माणसाला याच्याइतकी गोड गोष्ट दुसरी काय असणार. मग नाव विचार, गाव कोणतं, त्या दिवशी बीडला कुणाकडं चालला होता, लेकरं किती, कुठल्या इयत्तेत. खोलीवर आल्यावर कागदावर न बघता लिहून काढ, आणि नवीन लावलेला डबा बंद कर.